झाकण दुसरीचं

मी बरणी बोलतेय. खरं तर बोलायचं ते माझ्या पोटातल्या मक्याने. पण त्याच्याबद्दल जग इतकं बोलतंय की तो गप्प बसलाय, आणि मला मात्र स्वस्थ बसवत नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. साच्यात काच ओतताना हवेचा एक बुडबुडा तळाजवळ अडकला. मसुरीच्या दाण्याएवढा असेल. तो आजही तिथेच आहे. त्याच्यापायी मी दुय्यम मालाच्या ढिगात गेले. तिथून तात्यांच्या बायकोने मला उचललं, बटणं ठेवायला. सोळा वर्षं मी त्या घरची बटणं सांभाळली. ती गेली तेव्हा तात्यांनी बटणं एका पिशवीत ओतली आणि मला आपल्या कामाच्या जागी नेलं. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते.

तिथे मला जोडीदारीण मिळाली. अगदी माझ्यासारखीच, फक्त बुडबुडा नसलेली. तिच्या पोटात साधा मका आणि माझ्या पोटात बदललेला, म्हणजे कीड लागू नये म्हणून माणसांनी ज्याच्या बीजात दुसऱ्या एका जिवाचा गुण आणून बसवलाय तो. दिसायला दोन्ही सारखेच पिवळे.

तात्यांची एक रीत होती. बरण्या धुताना चिठ्ठ्या सुटतात, म्हणून ते चिठ्ठी झाकणावर चिकटवत. "झाकण कोण धुतंय?" असं म्हणत. बावीस वर्षं त्यात कुणाला काही खोट दिसली नव्हती.

मग ती जाहीर सुनावणी आली. एका शाळेच्या स्वयंपाकघरात आठ महिने हा बदललेला मका शिजत होता. तो पुढे चालू ठेवायचा की नाही, यावर लोक हमरीतुमरीवर आले होते. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांची नात त्याच शाळेत जेवायची आणि तीन महिन्यांपासून तिच्या कोपरांवर पुरळ उठत होतं. डॉक्टर म्हणाले साबणामुळे, शेजारीण म्हणाली मक्यामुळे, जावई म्हणाला, "आई, तुम्ही उगाच काळजी करता." मावशींनी अर्ज दिला: नातीचं रक्त दोन्ही मक्यांशी ताडून बघा. अर्ज मंजूर झाला. सुनावणीच्या शेवटी आम्हा दोघींना सर्वांसमोर लाखेने बंद करून तपासणीला पाठवायचं ठरलं.

सकाळभर टेबलावर बसून मी ऐकत होते.

"तपासण्या झाल्यात, कागद समोर आहेत," हा मका घडवणाऱ्या संशोधक बाई म्हणाल्या.

"पेपर काढणारे तुम्ही, तपासणारेही तुम्हीच," विरोधकांचे पुढारी उठले. निवृत्त शिक्षक होते ते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. "मग सगळेच पास."

"आधी जेवायला सोडा," मागून कुणीतरी म्हणालं.

सुट्टीत सभागृह रिकामं झालं तेव्हा मावशी एकट्याच आमच्यापाशी आल्या. झाकणांवरची नावं वाचून त्यांनी दोन्ही झाकणं काढली, वास घेतला, बोटांतून दाणे सोडून पाहिले. त्यांचा अंगठा माझ्या बुडबुड्यावर थांबला.

"तुलाही फोड आलाय होय गं?"

बटणांच्या दिवसांनंतर माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. तेवढ्यात दारातून हाक आली, "मावशी, आता पहिली तुमची पाळी." त्यांनी घाईघाईने झाकणं लावली. माझ्यावर 'साधा' बसलं आणि तिच्यावर 'बदललेला'.

तेव्हापासूनची ती दुपार कशी काढली ते माझं मला ठाऊक. आत अडीचशे दाणे, वर खोटं नाव, आणि काचेला तोंड असून जीभ नाही.

संशोधक बाईंनी 'बदललेला' उघडला. "तुमच्यासमोर खाते," म्हणत दोन दाणे कडाकडा चावले. गुरुजी कसले मागे राहतात. त्यांनी मला उघडून चार दाणे तोंडात टाकले. "हा खरा मका. लहानपणी खाल्लेल्या मक्याची चव आहे याला." त्यांच्या बाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या.

अध्यक्षांनी लाख वितळवली आणि मला उचललं. खिडकीतलं ऊन माझ्या बुडबुड्यात शिरलं. पहिल्या रांगेत मावशी उभ्या राहिल्या.

"थांबा. फोडवाली बरणी साध्याची नव्हती."

"कसली फोडवाली?"

"तळाशी बघा. सुट्टीत माझ्या हातून झाकणं बदलली."

"नक्की? की आपलं वाटतंय?"

"माझ्याकडे पंचवीस डबे आहेत, साहेब. कुठलं झाकण कुणाचं ते हाताला कळतं. आज हात घाईत होता."

सभा हसायला लागली. गुरुजींचा जबडा मात्र मध्येच थांबला. "म्हणजे मी काय खाल्लं?" संशोधक बाईही हळूच म्हणाल्या, "आणि मी?" दिवसभरात दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न विचारला तो हाच.

"झाकणं बदलून टाका आणि लावा लाख," अध्यक्ष घड्याळाकडे पाहत म्हणाले.

"नाही," संशोधक बाई म्हणाल्या. "दोन्हींत हात गेलेत, दाणे मिसळले असतील. नमुना रद्द." गुरुजींनी मान डोलावली. अध्यक्षांनी नव्या नमुन्यासाठी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

"बाई, पंधरा दिवस वाया घालवलेत सगळ्यांचे," मागून एकजण करवादला.

मावशींनी वळून पाहिलं. "पंधरा दिवस खाज माझ्या नातीला सुटणार आहे, तुम्हाला नाही. उत्तर उशिरा आलं तर चालेल मला. उलटं नको."

अध्यक्षांनी लाखेखालची ज्योत विझवली.

आता मला धुऊन नवे दाणे भरलेत. तात्यांनी चिठ्ठी माझ्या पोटावर चिकटवून वर दोन वेळा दोरा गुंडाळलाय. उद्या सकाळी लाख लागेल. उत्तर काय येईल ते मला ठाऊक नाही. ते आतल्या मक्यालाही ठाऊक नसावं. तो खावा की खाऊ नये, हे काचेने सांगू नये. तुम्ही भांडा खुशाल. फक्त हातात धरलंय ते काय आहे, हे आधी बघत जा.

मावशी आज तिसऱ्यांदा येऊन गेल्या. चिठ्ठी वाचत नाहीत. अंगठ्याने बुडबुडा चाचपतात, आणि मगच घरी जातात.