सांधलेली नस

दिपाली निमजेच्या हाती स्काल्पेल आलं ते दिवाळी झाल्यावर. तोवर ती टेबलावरची वाचणारी होती. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला डिसेक्शन हॉलमध्ये रीतच असते तशी. देहाभोवती पोरं उभी राहतात, एकजण पुस्तक धरून कुठं चीर द्यायची, काय अलगद बाजूला सारायचं ते मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे त्याबरहुकूम हात चालवतात. ज्याचा हात थरथरतो त्याच्या वाट्याला पुस्तक येतं. दिपालीचा थरथरायचा. उमरेडच्या विणकराची पोर, वाचायची मात्र एकसुरात, मागावर धोटा जावा-यावा तशी.

एक दिवस तिच्याच टेबलाशी उभ्या राहणाऱ्या साहिलनं पुस्तक काढून घेतलं. हा शहरातल्याच नंदनवन भागातला, तोंडाचा फटकळ.

"किती दिवस पोथी वाचशीन वं? कधी पूजेले बी बस."

ती बसली. आणि नवल असं, की चिमट्यानं चरबी सारताना खालून पांढुरके तंतू दिसू लागले तसा तिचा हात थांबला, स्थिर झाला. धागा सोडवणं तिला माहीत होतं. गुंता ओढायचा नसतो, त्याची समजूत काढायची असते, हे आईनं तिला बोलायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं. त्या आठवड्यात मेसच्या पातळ वरणालाही तिला चव लागली. आपला हात डॉक्टरचा होईल, असं पहिल्यांदा वाटलं.

आणि मग एका दुपारी काखेतली चरबी साफ करता करता कात्री जरा पुढं गेली. कच्. एवढासा आवाज. चरबीचा पापुद्रा म्हणून जे कापलं, त्याची दोन पांढरी टोकं दोन बाजूंना सरकली.

"गेली," साहिल म्हणाला. "उद्याच टेबल व्हायवा, अन् आजच नस गेली."

"अरुंधती मॅडम," टेबलाच्या पलीकडून ऋतुजा एवढंच म्हणाली. शरीररचना शिकवणाऱ्या अरुंधती मॅडमची गोष्ट सगळ्या हॉलला ठाऊक होती. मागच्या वर्षी कुणाच्या तरी हातून असंच झालं, तेव्हा मॅडमनी त्याचं स्काल्पेल काढून घेतलं आणि वर्षभर त्याला पुस्तक वाचायला उभं केलं.

दिपालीनं हे ऐकलं की नाही कोण जाणे. तिचा हात केव्हाच निघाला होता. नसांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधायला काळ्या दोऱ्याचं रीळ ठेवलेलं असतं, त्यातला वीतभर दोरा तिनं तोडला. टोकाला टोक लावलं, वेढा घेतला, पीळ दिला, गाठ बसवली. डोळ्याचं पातं लवायच्या आत. घरी मागावर धागा तुटला की आई अशीच सांधायची, बोटाला चुलीतली राख लावून, आणि गुणगुणायची:

*तुटला वं धागा, राख लाव बोटाले*
*मायचं टोक आलं लेकीच्या टोकाले*

गाठ बसल्यावर ती भानावर आली. नस मुगाच्या शेंगेच्या शिरेसारखी सरळ दिसत होती.

"अबे, हे तं जादू झाली," साहिल म्हणाला. "चिठ्ठीचा दोरा वाटन, कोणाच्या बापाले समजणार नाही."

तेच तिला खुपलं. कापलं ती चूक. पण आता हे झाकलेलं होतं. मेसमध्ये तिनं ताट तसंच सरकवलं. उद्या स्काल्पेल गेलं तर गेलंच, पण त्याबरोबर आठवड्यापूर्वी सापडलेला हातही जाणार, याची तिला भीती होती.

सकाळी मॅडम तोंडी परीक्षा घ्यायला आल्या. चष्मा कपाळावर, हातात चिमटा. चार प्रश्न इकडं, चार तिकडं, आणि मग चिमट्यानं नेमकी तीच नस उचलली.

"निमजे, ही कोणती?"

"मीडियल क्युटेनियस नर्व्ह ऑफ फोरआर्म, मॅडम."

मॅडमनी नस हलकेच ताणली. गाठ सुटली नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि वाकल्या.

"हे काय आहे?"

"मॅडम, ते चिठ्ठी बांधाले..." साहिलनं तोंड उघडलं.

"मी कापली, मॅडम," दिपाली म्हणाली. "चरबी समजून. अन् बांधली बी मीच."

"बांधली कशाला?"

"घरी माग आहे. धागा तुटला की सांधतोच आम्ही. हात आपोआप गेला." मग खाली बघून, "लपवायचं नव्हतं. पण लपलं."

मॅडमनी चिमट्याचं टोक गाठीवर ठेवलं.

"सोड ती."

दिपालीनं नखानं गाठीचा कान दाबला. गाठ उकलली. दोन टोकं पुन्हा वेगळी झाली.

"कुठलं खांद्याकडचं, कुठलं हाताकडचं?"

"हे वरचं, मीडियल कॉर्डमधून येते. अन् हे खाली जाते, मनगटापर्यंत. हाताच्या आतल्या अंगाच्या कातडीले स्पर्श कळवते."

बोलता बोलता आपण घरच्यासारखं बोलून राहिलो, हे तिला उमगलं. मॅडमना बहुधा उमगलं नाही, किंवा उमगूनही त्यांनी सोडून दिलं.

"ही नस दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या हातून जाते," त्या म्हणाल्या. "दरवर्षी तिची टोकं चरबीखाली कोंबलेली सापडतात, आणि कोणीच कापलेली नसते. मागच्या वर्षीच्या पोराचं स्काल्पेल मी नस कापली म्हणून नव्हतं घेतलं." त्यांनी साहिलकडं एकवार बघितलं. साहिल छताकडं बघत होता. "पण एक ध्यानात ठेव, निमजे. जिवंत माणसाची नस अशी गाठीनं सांधत नसतात. ती कशी सांधतात ते पुढं शिकशील. आता मीडियन नर्व्ह मोकळी करून दाखव. स्काल्पेल घे."

डोक्यावरून कुणी पाण्याची घागर उतरवून घ्यावी, तसं झालं तिला. तिनं स्काल्पेल घेतलं. हात थरथरला नाही.

व्हायवा संपल्यावर साहिल म्हणाला, "चाल, पोहे खाऊ. आज पैसे तू देशीन. तुह्यासाठी खोटं बोललो, माह्यासाठी पोथी तयारच होती."

"तू हो पुढं."

बाहेरच्या कडुनिंबाखाली उभं राहून तिनं आईला फोन लावला, सगळं सांगितलं. वंदनाबाई मागावरच होत्या, फोनमधून खटखट ऐकू येत होती. खटखट थांबली.

"त्या टेबलावरच्या बाबाले दुखलं तं नसन ना, बाई?"

"नाही वं माय. त्याले आता काही दुखत नाही."

"तरी विचारून घे एकदा."

खटखट पुन्हा सुरू झाली.

दिपाली परत आत गेली. हॉल रिकामा झाला होता. देहावर ओली पांढरी चादर होती, साधी, बिनकाठाची, एका कोपऱ्यात सूत निघालेली. तिनं हाताचा उघडा राहिलेला पंजा चादरीखाली घेतला, निघालेलं सूत आत दुमडलं.

"बाबा, चुकलं माह्यं," ती हळूच म्हणाली.

मग तिला भूक लागली, अशी सपाटून, की जिना उतरताना ती जवळजवळ पळालीच.