माझ्यावर न छापलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी, चरे पडलेली छोटी रेकॉर्ड आहे. देवळाली कॅम्पच्या ‘काळा कातळ’ या बँडची पहिली आणि शेवटची.

बँडमध्ये चार मुलं होती. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन ती मराठीत गायची. लोक हसायचे, “यापेक्षा लग्नाचा बँड बरा!” गोरक्ष गायचा. ड्रम वाजवणारा भिकन कमी बोलायचा. तो सटाण्याहून कॉलेजसाठी आलेला. माझ्यावरचं गाणं त्यानेच रचलं. शब्द त्याचे, चालही त्याचीच.

१९७९ साली मुंबईत माझं रेकॉर्डिंग झालं. त्यानंतर वडील आजारी पडले म्हणून भिकन गावी गेला. नेमकी तेव्हाच छपाईसाठी नावं पाठवायची होती. गोरक्षने लिहिलं, ‘गीत, संगीत, गायन : गोरक्ष’. बँडमधल्या एकाने हटकलं, तेव्हा तो म्हणाला, “पुढच्या रेकॉर्डवर भिकनचं टाकू की!”

मी छापून आले. कॅम्पातल्या हॉटेलात दिवसभर वाजले. कॉलेजची मुलं गोरक्षला गराडा घालत. भिकन परतला, त्याने मला हातात घेऊन वाचलं आणि खाली ठेवलं. भांडला नाही. दुसऱ्या दिवशी ड्रम विकून तो सटाण्याला निघून गेला. त्याच्यावाचून बँडला एकही नवं गाणं सुचलं नाही. वर्षभरात सगळे पांगले. पुढची रेकॉर्ड कधी निघालीच नाही.

आठ वर्षं मी गोरक्षच्या कपाटात धूळ खात पडले. एके दिवशी त्याने मला पुसलं, पिशवीत घातलं आणि सटाण्याची एसटी धरली. “भिकनची माफी मागायची,” असं तो वाटेत पुटपुटत होता.

भिकन शाळेत मास्तर झाला होता. त्याने चहा ठेवला. गोरक्षने मला पिशवीतून बाहेर काढलं. भिकनची म्हातारी आई, नवसाबाई, मला न्याहाळू लागली. तिला वाचता येत नव्हतं. तिने अहिराणीत विचारलं, “यावर मना भिकननं नाव कोठे शे?”

गोरक्ष रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला.

भिकनच पुढे झाला. आईचं बोट धरून त्याने माझ्यावर टेकवलं. “हे काय, इथंच तर शे.”

माउली हसली. त्या अक्षरांवरून तिने तीनदा बोट फिरवलं आणि ते बोट कपाळाला लावलं. ती अक्षरं गोरक्षच्या नावाची होती. गोरक्ष मान खाली घालून बसला. तेव्हाही तो खरं बोलला नाही. मला तिथेच ठेवून निघून गेला.

मित्रांनो, आमच्यासारख्या रेकॉर्डी जपा, धुळीपासून सांभाळा. पण त्याआधी, ज्याचं काम असेल त्याचं नाव वेळेवर लिहा. मला गाता येतं, पण माझ्यावर छापलेलं खोडता येत नाही.