तिरपा चढलेला नट

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष उलटलं तरी नव्या मोटारी काही नांदुऱ्यापर्यंत पोचत नव्हत्या. म्हणून वामनरावांनी एका सकाळी निजाममिस्त्रीला बोलावलं आणि कापसाच्या जिनामागे पत्र्याखाली पडलेली, माणसं वाहणारी जुनी सर्व्हिस मोटार पुन्हा रस्त्यावर आणायची असं सांगितलं. इंजिन त्यांनी खामगावहून मिळवलं होतं. पुढचा चेपलेला भाग लोहार सरळ करणार होता. खालचं सगळं, म्हणजे चाकं, आस आणि ब्रेक, निजामने पाहायचं होतं.

निजाम हो म्हणाला, पण दोन दिवस तो त्या पत्र्याकडे फिरकला नाही. ती मोटार कडूबाची होती. मालकी वामनरावांची, पण नांदुरा-बुलढाणा रस्त्यावरची माणसं तिला कडूबाचीच मोटार म्हणत. कडूबा ड्रायव्हर वडनेर भोलजीचा. तो आणि निजाम एकाच वर्षी वामनरावांकडे कामाला लागले. एकाच्या हाती चाक आलं, दुसऱ्याच्या हाती पाना. पुढची पंधरा वर्षं रोज सकाळी मोटार काढण्याआधी कडूबा निजामच्या ओट्यावर चहा पिऊन जाई. ईदचा शिरखुर्मा निजामची बायको खैरुन्निसा आधी कडूबाच्या घरी पाठवायची आणि मग स्वतःच्या घरात वाढायची.

पाच वर्षांपूर्वी बुलढाण्याहून परत येताना राजूरच्या घाटात मोटार सुटली. कडूबाने ती दरीत जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगावर घातली. मागे बसलेली माणसं हातपाय मोडून का होईना, वाचली. पुढे बसलेली मोताळ्याची एक बाई गेली, आणि चाकामागे चेंगरून कडूबा गेला.

चौकशी झाली. मोटार वाऱ्यासारखी सुटली होती, एवढं सगळ्यांनीच सांगितलं. बुलढाण्याच्या बाजारात कडूबा कलालाच्या दारूच्या दुकानाशी दिसला होता, असंही कुणी म्हणालं. मग चौकशीच्या साहेबाने निजामला विचारलं, ब्रेक कसे होते? निजाम म्हणाला की चारच दिवसांआधी आपण स्वतःच्या हाताने ब्रेक पाहिले, त्यात खोट नव्हती. तो खोटं बोलला नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. पण त्या एका वाक्याने कागद पुरा झाला. ड्रायव्हर नशेत होता, मोटार बेफाम हाकली, आपणही मेला आणि एका बाईलाही मारलं.

कागद दप्तरात गेला, बोल मात्र गावात राहिला. कडूबाच्या मुलीचं, आशाचं, लग्न नांदुऱ्यातल्या एका चांगल्या घरी ठरलेलं होतं. सुपारी फुटली होती. त्या लोकांनी दारुड्याची पोर नको म्हणून निरोप पाठवला. दोन वर्षं घरात बसल्यावर आशाला दूर लोणारकडे, बीबी गावात दिली. नवरा कारभारी नावाचा बिजवर, पहिल्या बायकोची दोन लेकरं, वय दुपटीच्या घरात. त्या लग्नाला निजाम गेला होता. नवरीच्या डोळ्यांत त्याला पाहवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी निजामने पाने घेतले आणि मोटारीखाली शिरला.

त्या मोटारीला तेलाचा ब्रेक होता. जुन्या मोटारींत सळया असत. सळई दिसते, वाकली तर कळते. या मोटारीत पायाखालच्या डब्यातून बारीक नळ्यांनी तेल चारही चाकांकडे जाई. एका जागी तेल गळलं की चारही चाकं मोकळी. नळीच्या प्रत्येक सांध्याला एक छोटा नट होता, आणि पाच पावसाळ्यांनी त्या नटांचा नुसता गंजाचा गोळा करून ठेवला होता. निजामने घासलेटमध्ये चिंध्या भिजवून एकेका सांध्याला गुंडाळल्या आणि दिवसभर तशाच राहू दिल्या. दुसऱ्या दिवशी बत्तीची ज्योत लावून नट लाल होईपर्यंत तापवला, निवू दिला, पुन्हा घासलेट पाजलं, हातोडीने चारी बाजूंनी हलकं ठोकलं. गंजलेला नट जबरदस्तीने फिरवला तर नट राहतो जागेवर आणि नळीच पिळवटून तुटते. म्हणून तो आधी केसभर आवळायचा आणि मग सोडायचा. कट् असा आवाज झाला की समजायचं, गंजाने हात सोडला.

पुढचे दोन नट असे दोन दिवसांत निघाले. आठ आठ फेरे फिरून निघाले. बाहेरून काळे-तांबडे झालेले, पण आतले पेचाचे आटे घासलेटने पुसल्यावर नव्यासारखे उजळ. चांगल्या बसलेल्या नटात पाणी शिरत नाही.

मागच्या आसावरचा नट सगळ्यांत चिवट असणार, असं त्याला वाटलं होतं. तो कट् म्हणाला, आणि दीड फेऱ्यात हातात आला.

निजाम उताणा पडून त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने तो पुसला. पहिला आटा एका अंगाला चिरडलेला होता. बाकीचे सगळे आटे गंजून पोखरलेले. त्यांनी सांध्याला कधी धरलंच नव्हतं. नट तिरपा चढला होता. वरून घट्ट लागला, पान्याला जोर लागला, आणि आत नळीचं तोंड टेकलंच नव्हतं. असा सांधा चार-दोन दिवस थेंब थेंब गळतो आणि एका जोराच्या दाबाला सुटतो.

तो नट कुणी चढवला होता, हे त्याला कुणाला विचारायला नको होतं. अपघाताच्या चार दिवसांआधी कडूबा म्हणाला होता की ब्रेकवरचा पाय जरा जास्तच खाली जातो. निजामने मागचा सांधा खोलून साफ केला, परत बसवला, तेल भरलं. त्या दिवशी दुसरी एक गाडी खोळंबलेली होती, आणि नट चढताना हाताला जरासा अडला होता. ते अडणं आता त्याच्या बोटांना आठवलं. त्याने पाना लावून दाबून बसवला होता, आणि जा म्हणाला होता.

मग तो सरकत, मागची चाकं फिरवणाऱ्या मधल्या दांड्यापर्यंत गेला. तिथे हातब्रेकचा पट्टा होता. पाच वर्षांत तो कुणी पाहिलाच नव्हता, कारण वरची दांडी चेपून गेली होती आणि पाहायची गरज कुणाला वाटली नव्हती. पट्टा जळून त्याचा कोळसा झाला होता.

वामनरावांना त्याने तो नट दाखवला. वामनरावांनी तो हातात घेतला आणि परत दिला. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले की कडूबा तर गेला, आता हे बाहेर काढून कुणाचं भलं होणार आहे? नवी नळी टाक आणि काम पुरं कर. तुझंच नाव जाईल, आणि माझ्या मोटारीत कुणी बसणार नाही. निजामने पाने त्यांच्या ओसरीवर ठेवले आणि घरी आला. पुढे ती मोटार अकोल्याच्या मिस्त्रीने पुरी केली.

घरी तो जेवला नाही. खैरुन्निसाने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, त्याला धीरही दिला नाही. एवढंच म्हणाली, "झुंबरबाईकडे जा. आजच जा. उद्यावर टाकशील तर मग कधीच जाणार नाहीस."

वडनेरला तो पोचला तेव्हा कडूबाची बायको झुंबरबाई ओसरी सारवत होती. हात शेणामातीने कोपरापर्यंत भरलेले. तिने बस म्हटलं, पण तो उभाच राहिला.

"वयनी, कडूबानं मोटार पळोली नव्हती," तो म्हणाला. "तिले ब्रेकच नव्हता राह्यला. मांगचा नट म्या तिरपा बसोला होता."

पुढचं त्याने जमेल तसं सांगितलं. नळी कशी असते, तेल कसं जातं, आटे कसे चिरडले, हे सांगताना आपण आपल्यालाच वाचवू बघतो आहोत असं त्याला वाटलं, आणि तो मधेच थांबला. झुंबरबाईने हात धुतले नव्हते. बोटांवरची माती वाळून तडकायला लागली होती.

"म्हंजे त्यानं पाय दाबला होता?" तिने विचारलं.

"हाव. पुन्हा पुन्हा दाबला असन. हातब्रेकबी वढला होता. त्याचा पट्टा जळून गेला, म्या डोळ्यानं पाह्यला. पुऱ्या उतारावर तो मोटार थांबवून राह्यला होता, वयनी."

तो वाट पाहत होता की ती त्याला शिव्या देईल. तो त्यासाठीच उभा होता. पण ती त्याच्याकडे पाहतही नव्हती.

"पाच वर्सं म्या त्याले शिव्या देल्या," ती म्हणाली. "लोकं म्हनत ते म्याबी मानलं. त्याच्या तेराव्याले माह्या डोयात पानी नाई आलं. पोरीचं वाटोळं करून गेला म्हनून त्याच्या नावानं बोटं मोडली म्या, निजामभाऊ."

निजाम त्या अर्धवट सारवलेल्या ओसरीवर खाली बसला. मग तिने विचारलं की चौकशीत ब्रेक चांगले होते असं काऊन सांगितलं. त्याने सांगितलं की आपल्याला खरं वाटत होतं. तिने मान हलवली. ते तिने मानलं की नाही, हे त्याला कळलं नाही.

"आशीले सांगा," ती उठत म्हणाली. "माह्यासमोर सांगा."

बीबीला जायला दोन दिवस लागले. खामगावला मोटार बदलली, मेहकरला बदलली, रात्र तिथल्या धर्मशाळेत काढली. वाटेत झुंबरबाई त्याच्याशी दोन शब्दही बोलली नाही, पण आपल्या शिदोरीतली भाकर तिने त्याच्यापुढेही ठेवली.

कारभारी ओट्यावर बसला होता. त्याने पाहुण्यांना पाणी दिलं, आशाला हाक मारली. ती कडेवर सवतीच्या धाकट्या लेकराला घेऊन आली. आता ती भरल्या घरातली बाई दिसत होती, एकविसाव्या वर्षी चाळिशीच्या बाईसारखी सावकाश हलणारी. निजामने उभ्यानेच सगळं सांगितलं, पहिल्यापासून. या वेळी तो आटे आणि नळ्या यांत अडकला नाही. माझ्या हातून झालं, आणि चौकशीत मी सांगितलं म्हणून दोष तुझ्या बाबावर गेला, एवढंच म्हणाला.

आशाने लेकराला खाली ठेवलं.

"बाबा प्यायले नव्हते, मले मालूम होतं," ती म्हणाली. ती निजामशी नाही, आईशी बोलत होती. "म्या तुले तवाच सांगतलं होतं. तू म्हने, गप बस, चार मानसं खोटी हायेत का."

झुंबरबाईने पदर तोंडावर घेतला. तेराव्याला न आलेलं रडू तिला तिथे परक्याच्या ओट्यावर आलं, मोठ्याने, हंबरून, आणि ते थांबेना. आशा जागची हलली नाही. लेकरू घाबरून तिच्या लुगड्याला धरून उभं होतं. बऱ्याच वेळाने ती आईशेजारी बसली, पण तिला जवळ घेतलं नाही. नुसती खांद्याला खांदा लागेल अशी बसली.

निजामकडे तिने एकदाच पाहिलं. त्यात राग होता असंही नाही. ज्याच्या मांडीवर बसून लहानपणी मोटारीचा भोंगा वाजवला, त्या चाचाला ओळखायचं की नाही, हे ती ठरवत असावी. मग तिने नजर वळवली.

झुंबरबाई काही दिवस लेकीकडे राहणार होती. कारभारी निजामला मोटारीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. गप्प माणूस. थांब्यावर पोचल्यावर तो म्हणाला, "म्हंजे मी तिच्या नशिबी आलो तो तुमच्या त्या नटापायी."

"हाव," निजाम म्हणाला.

"ते तिच्यासाठी किती वाईट झालं, हे तिले इचारायची माही हिंमत नाई," कारभारी म्हणाला, आणि मोटार येण्याआधीच मागे वळला.

नांदुऱ्याला परत आल्यावर निजाम कचेरीत गेला आणि आपला जबाब बदलून लिहून घ्या म्हणाला. कारकुनाने प्रकरण केव्हाच मिटल्याचं सांगितलं. निजाम हलेना, तेव्हा त्याने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि गठ्ठ्यात खोचला. बाजारच्या दिवशी निजामने वडनेरच्या पारावरही चार लोकांसमोर सगळं सांगितलं. काही जण हळहळले. एक म्हातारा म्हणाला, कडूबा भला माणूस होता हे आम्हाला ठाऊकच होतं. पाच वर्षांत तो म्हातारा हे कधी बोलला नव्हता.

निजामने पुन्हा मोटारीच्या कामाला हात लावला नाही. जिनातल्या यंत्रांना वंगण घालण्याचं काम धरलं. मोटारीत मात्र कधीमधी बसावं लागे. आशाला सगळं सांगून बीबीहून मेहकरकडे परत येताना ड्रायव्हरने उतारावर ब्रेक दाबला, तेव्हा निजामचा उजवा पायही आपोआप खालच्या फळीवर दाबला गेला होता. त्याने तो उचलला. पुढचा उतार आला, पाय पुन्हा दाबला गेला.