एका पेपरचे सात

कॉन्फरन्सचं ब्रोशर मी टाइप केलं. आमच्या कॉलेजात कामाची पद्धतच अशी आहे. सर सांगतात, बाकीचे मान हलवतात, अन् करतो मी.

कॉलेज शहराबाहेर, रिछाईच्या कारखान्यांच्या पुढं. एका बाजूनं फरशीचा कारखाना, दुसऱ्या बाजूनं बिस्किटाचा. वारा बिस्किटाकडून आला की शेवटच्या तासाले पोरं थांबत नाहीत. मी इथं लॅब असिस्टंट, ठेक्यावर. संबोध गजभिये, खमरियात राहतो, बाबा तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर. बीएस्सी दुसऱ्या वर्षाले सोडलं. कॉम्प्युटर जे काही येते ते व्हिडिओ पाहून अन् लोकांचे मेलेले लॅपटॉप उघडून उघडून शिकलो. काही जिवंत झाले, काही पूर्ण मेले.

तर मुरलीधर सर. डॉक्टर, कॉम्प्युटर विभागाचे एचओडी, इकडच्या सगळ्यांसारखे हिंदीवाले. माउस पॅडवर चहाचा कप ठेवतात अन् माउस फाइलवर फिरवतात. हिवाळ्यात तपासणी कमिटी येणार होती. मागच्या वेळी कमिटीनं विचारलं होतं, तुमच्या स्टाफचे रिसर्च पेपर किती? आमचं उत्तर होतं, प्रगतिपथावर आहेत. दोनदा तेच उत्तर चालत नाही म्हणून सरांनी कॉन्फरन्स काढली. मल्टिमीडिया कम्प्युटिंगवर. इंटरनॅशनल.

"इंटरनॅशनल कसं काय सर?"

"नेपाल में मेरे साढ़ू हैं. ऑनलाइन जुड़ जाएँगे."

ब्रोशर लिहायले वेळ नव्हता, म्हणून सरांनी कुठल्याशा परदेशी कॉन्फरन्सचं उघडून दिलं. म्हणे नावं बदल, तारखा बदल. मी बदललं. त्यात पाहुण्यांसाठी समुद्रकिनाऱ्यावर जेवण होतं. मी विचारलं, याचं काय करू? सर म्हणाले, "समुद्र काटो, भेड़ाघाट लिखो." भेड़ाघाट म्हणजे आमच्या जवळचा धबधबा. विषयांची यादी चांगली होती. चित्र, आवाज, व्हिडिओ, जुन्या रेकॉर्डिंगची दुरुस्ती. सरांनी खाली एक ओळ वाढवली: तथा अन्य कोई भी विषय. नियम मात्र जसेच्या तसे ठेवले. त्यात एक होता, वीस टक्क्यांच्या वर नक्कल सापडली तर पेपर नामंजूर अन् लेखकावर तीन वर्षं बंदी. सरांले तो लय आवडला.

"इसको बोल्ड कर दो."

केलं.

टाइप करता करता मी एक गोष्ट पाहिली. लेखकाची डिग्री काय पाहिजे हे कुठंच लिहिलं नव्हतं. तीनदा वाचलं. शिपायाच्या जागेलेही डिग्री विचारतात आजकाल, अन् इथं नुसतं लिहिलं होतं, संशोधन करणाऱ्या सगळ्यांना आमंत्रण. आमंत्रण मीच टाइप केलं होतं, पण मले बोलावणं आलं असं वाटलं. खोटं काहून बोलू, कानापर्यंत लाल झालो.

कारण पेपर होता माझ्याकडं. कलावती आत्या जयंतीच्या प्रोग्रामात गायची, तीस वर्षांपूर्वी, आमच्या क्वार्टरच्या मागच्या मैदानात. तिच्या अकरा कॅसेट होत्या. बुरशी लागलेल्या, टेप ताणलेल्या, वरून सुर्रर असा आवाज. मी आठ महिने त्या साफ करून राहिलो होतो. स्वतः प्रोग्राम लिहिला, तीन तऱ्हा करून पाहिल्या, कोणती काहून चांगली हे मोजलं, चौदा पानं लिहिली. मले एवढंच पाहिजे होतं की छापलेल्या कागदावर वर माझं नाव असावं. आठ महिने घरात सगळ्याईनं विचारलं होतं की तू दिवसभर डोक्याले काय लावून बसते.

पेपर पाठवला. लास्ट डेटच्या दिवशी सरांनी विचारलं, "कितने आए?"

"एक."

"एक सौ?"

"एक, सर."

सरांनी चहा बाजूले ठेवला. "किसका?"

"माझा."

सर माझ्याकडं पाहत राहिले. जसं प्रिंटर बोलला. मग त्यांनी दार लावलं अन् मले बसायले सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची डगमगत होती, हे मले तेव्हा कळलं.

"देखो बेटा, लास्ट डेट तो बढ़ा देंगे. सब बढ़ाते हैं. मगर स्टाफ को लिखना आता नहीं. तुम्हारा पेपर चौदह पन्ने का है. दो-दो पन्ने के कितने हुए?"

"सात."

"और स्टाफ कितना है?"

"सर, तो एकच पेपर आहे. तोडला तर..."

"तोड़ना नहीं, बाँटना. तुम्हारा पूरा वाला भी रहेगा, तुम्हारे नाम से. आठवाँ. मेरी ज़बान."

बाबांले सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याकडं पेटी पॅक केली की आत चिठ्ठी टाकत, कोणी पॅक केली त्याची. इनामासाठी नव्हे, फुटली नाही तर कोणाले धरायचं म्हणून. तू चिठ्ठी आधी टाक, पेटी मग दे." मी ऐकलं नाही. मले वाटलं, आठवा तर आठवा. छापून तर येते. सातही पेपर मीच कापले. खाटकालेही एवढं साफ कापता येत नसन.

कोणाले काय द्यायचं हे सरांनी ठरवलं. प्रस्तावना स्वतः घेतली, कारण ती सगळ्यात आधी येते. फिजिक्सवाल्यांले ग्राफ दिले. गणितवाल्यांले सूत्र, ते त्यांनी उलटं धरलं होतं. लायब्ररीवाल्या दीदीले संदर्भांची यादी दिली, त्याचं नाव ठेवलं 'संदर्भसूची: एक अध्ययन'. इलेक्ट्रॉनिक्सच्या दोघांत निष्कर्ष वाटला, अर्धा अर्धा, म्हणून एकाच्या पेपरात पद्धत चांगली निघाली अन् दुसऱ्याच्यात तीच वाईट. अन् आवाजाचे नमुने, खुद्द आत्याचं गाणं, विभावरी म्याडमले.

विभावरी म्याडम आमच्यातल्या एकट्या मराठी. म्हणजे मीही मराठी, पण त्यांच्या हिशेबानं एकट्याच. त्या मले म्हणाल्या, "काम छान केलंयस रे. फक्त तुझं ते 'करून राहिलो' कुठे राहून गेलं नाही ना?"

"पेपर इंग्रजीत आहे म्याडम."

"तरी. बघून घे."

लास्ट डेट वाढवली. मग परत वाढवली. 'लेखकांच्या प्रचंड आग्रहास्तव' असं लिहायले सांगितलं, मी लिहिलं. बाहेरून तीन पेपर आले. एक गोबरगॅसवर होता. अन्य कोई भी विषय.

मग आलं नक्कल पकडायचं सॉफ्टवेअर. चालवायचं कोणी? मीच. सरांचा हुकूम होता, आधी स्टाफचे टाका, वरिष्ठतेप्रमाणे. आमच्याकडं चहासुद्धा वरिष्ठतेप्रमाणेच वाटतात. सरांचा पेपर टाकला, मग फिजिक्स, मग खाली खाली. सगळे हिरवे. शून्य टक्के, दोन टक्के. गोबरगॅस चार टक्के. सगळ्यात कनिष्ठ मी, म्हणून माझा शेवटी.

लाल. चौऱ्याण्णव टक्के.

खाली यादी आली, चोरी कुठून कुठून केली त्याची. मशीनच्या हिशेबानं जो आधी टाकला तो मूळ. पहिलं नाव डॉ. मुरलीधर. उरलेले सहा टक्के म्हणजे माझं नाव, पत्ता अन् पानांचे आकडे.

मी प्रिंट काढून सरांकडं गेलो. सरांनी चष्मा लावला, काढला. "ये तो ग़लत हुआ बेटा."

"होय न सर. चूक मशीनची आहे. तुम्ही सांगा की मूळ माझाच..."

"किसको बताऊँ? कमिटी को? कि सातों स्टाफ ने लड़के का टीपा?" मग आवाज खाली आणला. "नियम तो नियम है. बोल्ड में है. तुम्हींने टाइप किया है."

नामंजुरीची पत्रं पाठवायचं कामही माझ्याकडंच होतं. एकच पाठवायचं होतं. कॉन्फरन्सच्या मेलवरून मी मले लिहिलं: प्रिय लेखक, आपला पेपर नक्कल आढळल्यामुळं नाकारण्यात येत आहे, आपल्यावर तीन वर्षं बंदी आहे, पुढील संशोधनासाठी शुभेच्छा. मग मोबाइल वाजला. मेल आला होता. उघडून वाचला, जसं माहीतच नव्हतं.

कॉन्फरन्सच्या दिवशी हॉल भरायले फर्स्ट इयरची पोरं कोंबली. साढ़ू ऑनलाइन जुडले, त्यांचा चेहरा दोन तास पडद्यावर तसाच अडकून राहिला, तोंड उघडं. सर म्हणाले, राहू दे, इंटरनॅशनल दिसते. अध्यक्ष म्हणून नागपूरहून डॉ. हेमलताबाई आल्या होत्या. साठीच्या, पांढरे केस, हातात पेन्सिल. मी मागं, प्रोजेक्टर अन् साउंडच्या टेबलाशी.

एकेक स्टाफ आला, दोन दोन पानं वाचून गेला. कोणीच काही विचारलं नाही. मग विभावरी म्याडम. त्यांनी इशारा केला, मी आत्याचं गाणं लावलं. आधी खराब, सुर्रर. मग साफ. पोरं एकदम गप झाली. फर्स्ट इयरची पोरं. आत्याचा आवाज हॉलात उभा राहिला, तीस वर्षांपूर्वीचा, कोवळा. माझ्या अंगात राग भरला होता. मी ठरवूनच आलो होतो की कोणी प्रश्न विचारला, म्याडम अडकल्या अन् सरांनी मागं पाहिलं, तर माइक घ्यायचा अन् सगळ्याईसमोर सांगायचं. वाक्यसुद्धा पाठ करून आलो होतो.

हेमलताबाईंनी पेन्सिल वर केली. मी माइक उचलला.

त्या म्हणाल्या, "काम सुंदर आहे. मला एवढंच सांगा, ही गाणारी बाई कोण?"

म्याडमनी कागद पाहिला. मग वाचलं, "महिला स्वर, नमुना क्रमांक चार."

"ते दिसतंय मला स्लाइडवर. पण आहे कोण? नाव?"

"तेवढंच लिहिलंय." अन् म्याडमनी मागं पाहिलं. सरांनीही पाहिलं. "संबोध, बताओ बेटा, बताओ."

पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. कारण 'महिला स्वर, नमुना क्रमांक चार' हे म्याडमनी लिहिलं नव्हतं. ते माझं होतं. मले वाटलं होतं, सायन्समध्ये असंच लिहितात. आत्या लिहिलं तर घरगुती दिसन.

"कलावती गजभिये," मी माइकवर बोललो. "खमरियाच्या. माझी आत्या."

"मग हे काम कोणाचं?" बाईंनी मान पूर्ण वळवली.

"माझा पेपर चोरीचा म्हणून नाकारला आहे म्याडम. चौऱ्याण्णव टक्के. या सात जणांकडून चोरला, असं मशीन म्हणते. मी कॅसेटी घरून आणल्या. यांच्याकडून बाकी सगळं."

फर्स्ट इयरमधून कोणीतरी शिट्टी मारली. सर उठले अन् जोरानं म्हणाले, "चाय! चाय लग गई है, चलिए सब लोग!" चहा लागलाच नव्हता. पोरं तरी धावली.

हेमलताबाई माझ्या टेबलाजवळ आल्या. मूळ फाइल मागितली, तारखेसकट. मी दिली. त्या म्हणाल्या, "मी अध्यक्षाच्या अहवालात लिहीन. काय होईल ते सांगता येत नाही. आमच्याकडेही वरिष्ठताच असते." मग विचारलं, "पण बाईंचं नाव का नव्हतं?" मी वायर गुंडाळायले लागलो.

लॅबची चाबी मुरलीधर सरांनी चहाच्या टेबलाशीच मागून घेतली. सोमवारपासून येऊ नको असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "सोमवार को आराम करो." सात पेपर पुस्तकात छापले जाणार, पुस्तकाची फाइल माझ्याच लॅपटॉपवर होती, तीही पेन ड्राइव्हवर घेतली. विभावरी म्याडम वऱ्हांड्यात म्हणाल्या, "असं चारचौघांत बोलायचं असतं का रे? मला येऊन सांगितलं असतंस." मी म्हटलं, "सांगितलं होतं न म्याडम, कापून दिलं तेव्हा. तुमच्या दोन पानांवर टाचणीही मीच लावली." त्या ऑटो पाहायले निघून गेल्या.

ऊन असतानाच घरी पोचलो. आत्या ओट्यावर मेथी निवडून राहिली होती. बाबांनी विचारलं, "छापला का?"

"सात छापणार."

"अन् तुझं नाव?"

"कुठंच नाही."

बाबांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मी आत्याले सांगितलं, तुझं गाणं लावलं होतं, नागपूरच्या बाईंनी नाव विचारलं, मी माइकवर सांगितलं, सगळ्या हॉलनं ऐकलं.

"अच्छा," आत्या म्हणाली. मेथीची काडी तोडली. "अन् कागदावर?"

"कागदावर नाही. त्याईनं..."

"कागद कोणी लिहिला होता रे?"

मी आत गेलो, लॅपटॉप उघडला. नमुना क्रमांक चार चौदा पानांत बावीस ठिकाणी होता. कॉम्प्युटर एका झटक्यात सगळे बदलून देते, तेवढं मले येते. मी एकेक करून बदलले. सातव्या ठिकाणी आत्यानं ओट्यावरून विचारलं, "गजभिये लिहून राहिला का माहेरचं? माझं सासरचं नाव मेश्राम आहे, विसरला का?"

पहिले सहा परत उघडले.