न पिकणारा मोतीबिंदू

“दोरा मी ओवतें. तुम्ही सुईशी भांडूं नका.” लग्नाच्या पहिल्या वर्षातला विजयालक्ष्मीचा तो आवाज काशिनाथना अजून ऐकू येई.

आज ती कॉफीच्या टंब्लरशी भांडत होती. तो समोर होता, तिला दिसतही होता, पण हात शेजारच्या रिकाम्या जागी पडत होता. काशिनाथनी टंब्लर उचलून तिच्या हाती दिला, तर एवढी घाई कशास, म्हणून तीच चिडली.

हे सुरू झालं तेव्हा वर्षभरात तीन चष्मे झाले होते. मग मेंदूच्या डॉक्टरांनी काशिनाथना बाजूला घेऊन सांगितलं, अल्झायमर आहे. सगळ्यांचा सारखा नसतो. कुणाची आधी आठवण जाते, कुणाचे शब्द अडतात, हिचं पाहणंच विस्कटलंय. डोळे निरोगी, पण पाहिलेलं मेंदू जुळवत नाही. बाकीचं मागाहून जाईल.

घरी येऊन काशिनाथ म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. कुणाच्या लग्नात कुठली साडी आली, तंजावरच्या कुठल्या आत्याचं नक्षत्र कोणतं, हे जिला तोंडपाठ, तिला विसरण्याचा आजार आहे हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यालाही आता वर्ष झालं. ती दर आठवड्याला विचारी, पिकला का? आंब्यालाही इतका वेळ लागत नाही, असा टोमणा वर.

आणि काल शेजारच्या अंबुजाने सांगून टाकलं, हल्ली पिकायची वाट कोण बघतं? तिलाच फोन लावायला सांगून विजयालक्ष्मीने डोळ्यांच्या इस्पितळात आजची वेळ घेतली होती. तिथला डॉक्टर डोळ्यांत बघणार आणि मोतीबिंदू नाहीच म्हणणार, परक्या माणसांसमोर. काशिनाथ सकाळपासून कारणं काढत होते. आज अमावास्या. वेलचेरीच्या रस्त्यात पाणी. शेअर ऑटोत जागा मिळायची नाही.

“अय्यो, पाऊस कुठें पडला?” ती म्हणाली. “तुम्हांस यायचं नाही तर सांगा, मी अंबुजासंगें जातें.”

निऱ्या एका बाजूला लोंबत होत्या. काशिनाथ करवादून त्या खोचायला गुडघ्यावर बसले. तिने त्यांचा खांदा शोधला. दुसऱ्या खेपेला सापडला.

“चिडूं नका हो,” ती हळू म्हणाली. “एकदां हे काढलं की तुम्हांस माझ्यामागें हिंडावं लागायचं नाही.”

काशिनाथ तसेच बसून राहिले.

“विजया, मोतीबिंदू नाही,” ते म्हणाले. “डोळे तुझे चांगले आहेत. आजार मेंदूचा आहे, काढता येत नाही. मला वर्षभरापासून ठाऊक आहे.”