पाठ असलेला रस्ता

"स्पीडब्रेकर आला बघा. पट्टे पार पुसून गेलेत, कुणाला दिसायचा कसा मेला," ती म्हणाली, आणि व्हॅनचा वेग उतरला. चाकं अलगद वर चढली, अलगद खाली आली. "आणि हा सायकलवाला. डाव्या हाताला एवढी जागा मोकळी टाकून मधोमध चाललाय. स्वारीला घाई म्हणून नाही."

नवऱ्याने व्हॅन किंचित उजवीकडे घेतली. सायकलवाला मागे पडला.

मागच्या बाकावर सासूबाई मांडीवर कलिंगड घेऊन बसल्या होत्या. शाळेच्या मुलांच्या मापाचं ते बाक. त्यांचे गुडघे कलिंगडाच्याही वर आले होते.

"अगं, जरा श्वास घे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून रेडिओ चालू. त्याला सुखाने चालवू दे की."

"हिचा रेडिओ असला की मला झोप येत नाही, आई."

"यायचीच कशी? मढं उठून बसेल."

चिऊ खिदळली. आठ वर्षांची ती. चौदा जागांपैकी दर पाच मिनिटांनी नवी जागा धरत होती. सुट्टीत व्हॅन दारातच उभी असायची, आणि शाळेने फिरायला न्यायची परवानगी दिली होती. दोन महिने घरात भाजून निघाल्यावर सगळ्यांनाच पाणी बघायचं होतं. तलाव काही लांब नव्हता. अर्ध्या वाटेपर्यंत शाळेचाच रस्ता, पुढे पाण्याच्या टाकीपासून डावीकडे.

टाकी आली तशी चिऊची आई पुढे सरकून बसली आणि तिचं बोलणं वाढलं.

माहेरी तिला मुखदुर्बळ म्हणत. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं सासूबाईंनी शेजारणींना सांगितलं होतं, आमची सून गुणी आहे, पण तोंडात मूग धरून बसते. मूग सुटले ते गेल्या वर्षी. परगावच्या डॉक्टरने नवऱ्याच्या डोळ्यांत उजेड मारून बघितलं आणि सांगितलं, की नजरेच्या मधोमध डाग पडलाय. तो वाढत जाईल. चष्म्याने जाणार नाही, आणि गाडी चालवणं आता विसरा. दोघं बसने परतले. स्टँडवर उतरता उतरता तो म्हणाला, "एक वर्ष. रस्ता मला पाठ आहे. खड्डान् खड्डा ओळखीचा आहे."

तिने मान डोलावली होती. त्याआधी एकदा पाय मोडून तो दोन महिने घरी होता, तेव्हाचा नवरा तिला आठवत होता. भिंतीकडे तोंड करून बसायचा. चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. भांडायचासुद्धा नाही. ते भांडण नसणंच तिला सोसलं नव्हतं.

म्हणून नव्या रस्त्यावर ती बोलू लागली. शाळेच्या रस्त्यावर कुणी सांगायची गरज नाही, असं तो म्हणे. तिने ते मानलं, कारण मानणं सोपं होतं.

राहता राहिला डोळ्यांचा दाखला. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी सगळ्या चालकांना डोळे तपासून घ्यावे लागत, आणि ती तपासणी ज्या दवाखान्यात व्हायची, तिथेच ती मदतनीस होती. पेशंटना ओळीने बसवायचं, डोळ्यांत थेंब टाकायचे, रोज सकाळी ओल्या फडक्याने तक्ता पुसायचा. तक्त्यावर एकच खूण, फणीच्या तीन दातांसारखी. कुठे दात वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. आठ ओळी, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या. पुसता पुसता तिच्या त्या पाठ झाल्या, आणि तिच्याकडून त्याच्या. महिनाभर रोज पहाटे, चहा उकळेपर्यंत, एखादा नेम चालवावा तशा दोघांनी त्या म्हटल्या होत्या. पंधरा दिवसांपासून तो एकदाही चुकला नव्हता. तपासणी बुधवारी होती. आज रविवार.

तलावावर ही गर्दी. सावली धरून बसलेली माणसं, पाण्यात ओरडणारी पोरं, दोरीला बांधलेल्या चार होड्या. पाणी उन्हाळ्याने ओसरलं होतं. पायऱ्या उघड्या पडून खाली चिखलाचा पट्टा दिसत होता. त्यांनी एका झाडाखाली सतरंजी टाकली. चिऊ लाल फ्रॉक आणि लाल बादली घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली आणि पाणी भरून पुन्हा पाण्यातच ओतू लागली.

थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मला जायचंय."

स्वच्छतागृह पार तिकडे, तिकिटाच्या खिडकीमागे. सासूबाईंना एकटीला जमण्यासारखं नव्हतं. ती उठली, पण पाऊल टाकेना.

"तिच्याकडे बघा हं," ती नवऱ्याला म्हणाली.

"बसलोय ना इथेच."

"नाहीतर बाहेरच बोलावते तिला."

"अगं, बाप बसलाय इथे," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला इथे घाई आहे."

नवरा उठून पायऱ्या उतरला आणि पाण्याजवळच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसला. मग ती गेली.

स्वच्छतागृहापुढे रांग होती. सासूबाईंनी आत जाऊन वेळ लावला, बाहेर येऊन नळाला पाणी नाही म्हणून बडबड केली, वाटेत एकदा चप्पल सुटली. परत येताना तिला लांबूनच नवऱ्याची पाठ दिसली. तो होता तिथेच होता. मधूनच हात उंच करून हलवत होता. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"आलीस?" पावलांचा आवाज ओळखून तो म्हणाला. "बघ, केव्हाची एका जागी खेळतेय. शहाणी आहे पोर."

तो हसत होता. तो बघत होता तिकडे तिने बघितलं. पाण्यावर लाल बादली पालथी पडली होती आणि लाटेबरोबर वरखाली होत होती.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. ती पाण्यात शिरली, बादली बाजूला केली, पाण्यात हात घातले, पुन्हा ओरडली. तेवढ्यात होड्यांच्या बाजूने कुणीतरी हाक दिली. होडीवाला छातीभर पाण्यातून येत होता, आणि त्याच्या खांद्यावर लाल फ्रॉक होता.

पायरीवर उलटी धरल्यावर चिऊ ओकली, खोकली, आणि मग रडली. रडली तेव्हा भोवती जमलेली माणसं एकेक करून सैल झाली.

"होड्यांखाली खोल आहे," होडीवाला धापा टाकत म्हणाला. "पाय घसरून तिकडेच वाहत आली. मी आधीच उडी घातली असती, पण म्हटलं बाप समोर बसलाय." त्याने तोंडावरचं पाणी निपटलं आणि नवऱ्याकडे बघितलं. "पोरीने दोनदा हात केला की तुम्हाला. तुम्हीपण हात केलात."

नवरा उभा होता. त्याचे हात कोपरापासून पुढे आलेले होते, कुणी काहीतरी हातात देणार असल्यासारखे. कुणी काही दिलं नाही.

"डोळे आहेत का बटणं तुझी?" सासूबाई त्याला म्हणाल्या. मग त्या सुनेकडे वळल्या. "आणि तुला एवढा वेळ लावायला काय झालं होतं?"

ओरडून तिचा आवाज बसला होता. घशातून नुसती हवा येत होती.

कलिंगड कुणी कापलं नाही. ऊन कलायच्या आत ते निघाले.

व्हॅन सुरू झाली आणि तिने तोंड उघडलं, पण शब्द उमटेना. तिने पुन्हा प्रयत्न केला, नवऱ्याच्या दंडाला हात लावला, समोर बोट दाखवलं. बोट दाखवून काय होणार होतं? व्हॅन बैलगाडीच्या चालीने सरकत राहिली. मागून एक मोटारसायकल कर्कश हॉर्न देत पुढे गेली.

तेव्हा टॉवेलमध्ये गुंडाळलेली चिऊ मागून पुढे आली आणि दोघांच्या मधल्या इंजिनाच्या झाकणावर बसली. नेहमी बसतात तसं, पाय एका बाजूला घेऊन.

"मोकळं आहे, बाबा," ती म्हणाली. तिचाही आवाज बसला होता. "मोकळं. आता सायकल, डावीकडे. गेली. बाई रस्ता ओलांडतेय, थांबा. चला."

व्हॅनने वेग घेतला.

"आता हीपण रेडिओ झाली," सासूबाई मागून थकून म्हणाल्या, आणि डोळे मिटून खिडकीला टेकल्या.

पण हे रेडिओसारखं नव्हतं. चिऊ चुकूनही जास्तीचा शब्द खर्च करत नव्हती. कुणाची थट्टा नाही, पुसलेल्या पट्ट्यांची तक्रार नाही. आईला वर्षभरात जमलं नव्हतं इतकं ते स्वच्छ होतं. आई तिच्याकडे बघत राहिली.

"तुला कुणी शिकवलं?" तिने विचारलं. आवाज फुटला नाही. चिऊला ओठांवरूनच कळलं असावं.

"रोज सांगते की शाळेत जाताना. ट्रक आहे, बाबा, लांब आहे. बाबा मला इथेच बसवतात. आमचा खेळ आहे तो, कुणाला सांगायचा नाही." मग आपण सांगितल्याचं लक्षात येऊन तिने बापाकडे बघितलं. बाप समोर बघत होता. "आईला चालतं ना, बाबा?"

बापाने गिअर बदलला.

"मी एकदाच चुकले," चिऊ म्हणाली. "शिंक आली म्हणून."

आईने तिच्या ओल्या केसांवर हात ठेवून ओठांनीच विचारलं, "मग?"

"काही नाही. कुत्रं होतं." ती जरा थांबली. "त्या दिवशी सगळी मुलं होती व्हॅनमध्ये. कुणाला कळलं नाही. स्पीडब्रेकर, बाबा. छोटा."

चाकं अलगद वर चढली, अलगद खाली आली. टाकी मागे पडली आणि शाळेचा रस्ता लागला, तरी चिऊ बोलायची थांबली नाही. घर येईपर्यंत ती सांगत होती आणि तो ऐकत होता, आणि त्या दोघांच्या शेजारी आई मागच्या चौदा छोट्या जागांकडे वळून न बघता बसून होती.

सोमवारी ती कामावर गेली आणि फडकं पिळून तक्ता पुसला. मंगळवारी पुन्हा पुसला; तक्ता तोच, ओळी त्याच. घरी ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही, आणि तोही नाही. दोन्ही पहाटे चहा गुपचूप उकळला. तिचा घसा बसलाय, असं तो आपल्या आईला सांगत होता.

बुधवारी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात आला आणि भिंतीला हात लावत पाटावर बसला. आतल्या खोलीत आजी आणि नात झोपल्या होत्या.

"आता येतंय बोलायला?" त्याने विचारलं.

"येतंय."

"मग एकदा म्हणून घेऊ. दहा वाजता बोलावलंय."

तिने चहाचं भांडं चढवलं, गॅस बारीक केला आणि त्याच्याकडे पाठ करूनच सुरुवात केली. पहिल्या तीन ओळी मोठ्या. त्या तर त्याला धूसर का होईना, दिसायच्याच. चौथी बरोबर झाली. पाचवी झाली. तो एखाद्या हुशार मुलासारखा, जरा घाई करत म्हणत होता.

"सहावी," ती म्हणाली. "उजवीकडे, वर, वर, खाली."

"उजवीकडे," तो म्हणाला, आणि थांबला.

चहा वर आला. तिने भांडं उचलून धरलं, चहा खाली बसला, तिने पुन्हा ठेवलं.

"डावीकडे ना?" तो म्हणाला. "डावीकडे, खाली, खाली, वर. मला ही सगळ्यात पक्की आहे."

"नाही," ती म्हणाली. "उजवीकडे. वर, वर, खाली."

मागून काहीच आवाज आला नाही, तेव्हा तिला वळून बघावंच लागलं. त्याने मान खिडकीकडे फिरवली होती. समोर बघितलं की समोरचं माणूस डागात जायचं; ज्याच्याकडे बघायचं त्याच्यापासून त्याला तोंड वळवावं लागे. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, म्हणजे तिलाच बघत होता. बराच वेळ बघत होता. तिने पदर, केस, काही सारखं केलं नाही. तशीच उभी राहिली.

आतल्या खोलीत चिऊ झोपेत खोकली. कालपासून तिला बारीक ताप होता.

त्याने मान सरळ केली.

"उजवीकडे," तो म्हणाला. "वर. वर. खाली."

तिने चहा गाळला. कप त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसेपर्यंत सोडला नाही.

"सातवी सांग," तो म्हणाला. "जरा हळू सांग. नव्याने पाठ करायला वेळ लागतो."