दीड हात गालिचा

"बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा, नाझरसायब? मी काय मेलो का?"

गालिच्याच्या जाडजूड गुंडाळीला खांदा देऊन जिन्यात अडकलेला ग्यानोबा तिथूनच वाद घालत होता. वरच्या पायरीवर नाझर व्यंकटराव उभे होते. कचेरीतल्या सतरंज्यांपासून टाचण्यांपर्यंत सगळं सामान त्यांच्या ताब्यात असायचं, त्यामुळे कपाळाच्या आठ्याही कायमच्या.

"अरे बाबा, हे जाजम न्हाई. भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवायचं असतंय हे. देगलूरचा नरसिंग म्हणून कारागीर हाय, हैदराबादेत शिकलेला. त्यालाच बोलवा म्हणलाय दुकानदार."

"तीस वर्षं झाली मला हंथरून. बाप निजामाच्या कचेरीत फरास होता. आमाला काय शिकवतंय त्यो?"

व्यंकटराव भिंतीला चिकटून वाट देत उभे राहिले. नरसिंगला हातातल्या कामातून मोकळं व्हायला आठवडा लागणार होता आणि साहेब सोमवारीच बैठकीचं नवं दालन बघायला येणार होते.

नवा जिल्हा झाल्यापासून लातुरात रोज एखादी कचेरी उघडत होती आणि तिथं माणसं नेमण्याच्या याद्या निघत होत्या. या कचेरीच्या यादीत फरासाची, म्हणजे सतरंज्या-जाजमं अंथरणाऱ्याची, एकच जागा होती. तिच्यापुढं ग्यानोबाचं नाव व्यंकटरावांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. दालन साहेबांच्या मनासारखं झालं तर त्यावर शाई फिरणार होती. नाही झालं तर अहमदपूरला शिपाई म्हणून जायचं होतं.

"पगार तेवढाच हाय की," नागुबाई त्या दिवशी जेवताना नवऱ्याला म्हणाली होती. "मग जीवाला का लावून घेऊन राहिलाव?"

ग्यानोबानं ताट सरकवलं होतं. पगाराचं त्याला काही नव्हतं. शिपाई काय, घंटी वाजली की पळणारा. पण सभा, पाहणी, झेंडावंदन, काहीही असलं तरी फरासाचं काम झाल्याशिवाय मोठ्यातला मोठा साहेबही खाली बसत नाही, ही गोष्ट त्याला बापानं सात-आठ वर्षांचा असताना सांगितली होती आणि ती त्याच्या मनात पक्की बसली होती. एवढ्या एका गोष्टीवर त्याचं सगळं आयुष्य निभावलं होतं.

तीन दिवस त्यानं जेवणाकडंही नीट बघितलं नाही. दालन पुसून घेतलं, गालिचा उलगडला, तळव्यांनी दाबत दाबत एकेक सुरकुती भिंतीकडं नेली. रंग हिरवागार. यंदा पोळा झाला तरी रानात कुठं एवढी हिरवळ नव्हती. गालिचा दाराच्या बाजूला दीड हात जास्त भरत होता. तो तिथं कापायला हवा होता. व्यंकटरावांनी कात्रीही आणून ठेवली होती.

पण ग्यानोबा कात्रीला हात लावेना. बापाची शिकवण होती, की अंथरायच्या चीजेला कधी कात्री लावायची नाही. आज ती इथं आहे, उद्या दुसरीकडं अंथरायची आहे. आज कापली तर उद्या कुणाच्या तरी बुडाखाली कमी पडेल. मग जास्तीचं काय करायचं? तर आत दुमडायचं. त्यानं ते दीड हात इतक्या सफाईनं आत दुमडलं, की वरून बघणाऱ्याला काही कळू नये. कडा सुतासारख्या सरळ. व्यंकटराव दारात चपला काढून आत आले, दोनदा इकडून तिकडं चालले आणि म्हणाले, "मानलं बाबा तुला."

त्या रात्री ग्यानोबा भाकरी दोन घास जास्तच जेवला.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नव्हती. तीन दिवस दार सताड उघडं होतं, भिंतीला टेकलेलं. रविवारी संध्याकाळी त्यानंच ते जोर लावून ओढून घेतलं आणि कुलूप घातलं. नवं लाकूड आहे, घट्ट बसतंय, असं त्याला वाटलं.

सोमवारी साहेब आले. व्यंकटरावांनी कुलूप काढलं, दार आत ढकललं. दार चार बोटं सरकलं आणि दुमडीवर चढून बसलं. ग्यानोबानं खांदा लावला. शिपायानं लावला. आत दुहेरी गालिच्याची आणखी घडी झाली आणि दार पुढंही जाईना, मागंही येईना. साहेब पाच मिनिटं उभे राहिले. ते रागावले नाहीत, हसलेसुद्धा नाहीत. फक्त घड्याळ बघून म्हणाले, "कारागीर बोलवा," आणि निघून गेले.

ग्यानोबा दाराला खांदा लावून तसाच उभा राहिला. लाजेनं त्याचे कान तापले होते. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवारी नरसिंग आला. पन्नाशीचा, किडकिडीत. त्यानं दार बिजागरीतून उतरवलं, आत गेला आणि गालिच्यावरून हात फिरवत उकिडवा बसला.

"कुणी हंथरलं हे?"

"मी," ग्यानोबा म्हणाला.

"हात चांगला हाय, मामा. कुठंच फुगा न्हाई. पर कापाया पाहिजे होतं."

"उद्या दुसरीकडं न्यायचं म्हणलं तर?"

नरसिंगनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "हे कुठंच न्यायचं न्हाई, मामा. कडंला खिळ्याच्या पट्ट्या ठोकायच्या, त्यात हे अडकवायचं. दहा-पंधरा वर्षं कुणी उचलत न्हाई आता."

ग्यानोबाला तेव्हा सगळं उमगलं. दार उघडलं असतं तरी काय झालं असतं? जो गालिचा उचलायचाच नाही, त्याला फरास कशाला लागतो?

"हिकडून ताणून धरा," नरसिंग म्हणाला. ग्यानोबानं गुडघे टेकले आणि धरलं. नरसिंगच्या सुरीचं वाकडं पातं करकरत भिंतीच्या कडेनं गेलं. दीड हात रुंद, दालनाएवढी लांब पट्टी त्याच्या हातात आली.

गुरुवारी टंचाईची बैठक होती आणि ग्यानोबाच्या खिशात अहमदपूरचा हुकूम. दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. सकाळपासून पाच गावची माणसं टँकर मागायला आली होती, बायाच जास्त. दोन-दोन कोस चालून आलेल्या, पायांवर घोट्यापर्यंत धूळ.

"यांना व्हरांड्यातच थांबू द्या," व्यंकटराव खालच्या आवाजात म्हणाले. "आतला गालिचा आता उचलून झटकता येत न्हाई रे बाबा."

व्हरांड्यातली फरशी तापली होती. बाया एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभ्या होत्या. ग्यानोबा सामानाच्या खोलीत गेला आणि कापलेली पट्टी घेऊन आला. भिंतीच्या सावलीला ती सोडली, एक टोक पायानं दाबलं, दुसरं ओढलं, तळव्यांनी सुरकुत्या काढल्या. दीड हात रुंदी, पंगतीला असते तेवढीच. बाया एका ओळीत टेकल्या. पट्टी कुणालाच कमी पडली नाही.

टोकाला बसलेल्या म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "तू हितं काय काम करतूस, बाबा?"

त्याचा हात खिशावर गेला. हुकुमात शिपाई असं लिहिलं होतं.

"हंथरायचं काम करत होतो, माय," तो म्हणाला आणि दुमडलेला कोपरा सरळ करायला खाली वाकला.